खुराड्याचा मालक आणि बाकीचे बघे

शप्पथ घेऊन सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आता, मी काही तिथं नव्हतो. ज्यानं मला सांगितली तोही नव्हता, तो त्या दिवशी बारशाला गेला होता. पण त्याच्या मेव्हण्यानं सगळं फोनवर बघितलं होतं, आणि तो फोन पुढं विहिरीत पडला. तेव्हा शंभर टक्के नको, कोंबड्या खऱ्या होत्या एवढं धरून चाला. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा.

तर एका माळावर एक वस्ती होती, आणि त्या वस्तीत मुकिंदा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे कसा, तर सांगितलेलं ऐकणारा. वस्तीत दुसरं कुणीच सांगितलेलं ऐकत नसे, त्यामुळं हा लगेच उठून दिसायचा.

घरात तो आणि त्याची आई गौराबाई. दारात एक शेळी, आणि लिंबाखाली कोंबड्यांचं खुराडं. टिपरी, पुतळी, गाठोडी, लंगडी, अशा नावाच्या कोंबड्या होत्या. आणि कोंबडा एकच, कोतवाल. तुरा एवढा मोठा की एका डोळ्यावर यायचा. सगळा कळप त्याच्या जिवावर होता. तो होता म्हणून पिलं होती, पिलं होती म्हणून बाजाराला न्यायला कोंबड्या होत्या, आणि त्या होत्या म्हणून घरात मीठ-मिरची होती.

दिवस आखाडाचे होते. आखाड म्हणजे आषाढ. तो संपला की श्रावण, आणि श्रावणात कोंबडी बंद. म्हणून आखाडात माणसं पुढच्या महिन्याचंही खाऊन ठेवतात. ज्याच्याकडं कोंबड्या आहेत तो आपल्या खातो. ज्याच्याकडं नाहीत तो दुसऱ्याच्या खातो.

गौराबाईच्या खुराड्यातनं कोंबड्या जायला लागल्या होत्या. तिचा संशय शेवटच्या घरातल्या सर्जेरावांवर होता. सर्जेराव बोलायला मऊ, चालायला मऊ, आणि आखाडात त्यांच्या चुलीचा वास कधी डाळीचा येत नसे. पण पुरावा नव्हता.

एका सकाळी गौराबाईनं मुकिंदाला समोर बसवून सांगून टाकलं. गेल्या त्या कोंबड्या गेल्या. पण कोतवाल गेला, तर ती राहिलेल्या विकून टाकणार, घराला कुलूप लावणार आणि इचलकरंजीला पोरीकडं जाऊन राहणार. मुकिंदाला जावई कापड विणायच्या मागावर कामाला लावील.

मुकिंदा इचलकरंजीला एकदा जाऊन आला होता. खोली अशी होती, की झोपलं की पाय दाराबाहेर. आणि मागाचा आवाज एवढा, की शेजारचा काय सांगतोय ते ऐकू येत नसे. सांगितलेलं ऐकू आलं नाही तर माणसानं करायचं काय, ह्या काळजीनं त्याला तिथं झोप लागली नव्हती.

म्हणून मायलेकांनी दिग्याला बोलावलं. दिग्या म्हणजे गौराबाईच्या भावाचा मुलगा. तालुक्याला घरोघरी कॅमेरे बसवायचा. त्यानं लिंबाला शिडी लावली, खुराड्याकडं तोंड करून एक कॅमेरा बसवला, आणि मुकिंदाच्या फोनमधे तो दिसेल असं करून दिलं. मग शिडीवरनंच समजावून सांगितलं.

"हे बघ, ह्यात खाती असतात. एक मालकाचं. मालक वाटेल ते करू शकतो. बाकीची बघ्यांची. बघ्यानं नुसतं बघायचं, कशाला हात लावायचा न्हाई. आता तू मालक. कंपनीनं दिलेला पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक असतो, तो आधी बदल. नवा टाक. आणि कुणाला म्हणजे कुणाला कळू देऊ नकोस."

मुकिंदा म्हणाला, "बरं."

दिग्या गेला. एक सांगायला पाहिजे, कॅमेरा बसला त्या दिवसापासून चोरी थांबली. नुसता तो झाडावर लटकलाय एवढ्यानंच. म्हणजे मुकिंदानं पुढं काहीच केलं नसतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण त्याला काम सांगितलेलं होतं. तो पासवर्ड बदलायला बसला. कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये. त्यात आपणही आलो, असा त्यानं विचार केला. म्हणून डोळे मिटले आणि बोटाला येईल ते टाकलं. पासवर्ड दोनदा टाकावा लागतो. दोन्ही वेळा जुळला. कसा जुळला ते मला विचारू नका.

संध्याकाळी कोंबड्या ओरडायला लागल्या. आई चुलीपुढं होती. फोनमधे बघून सांग म्हणाली. मुकिंदा म्हणाला, बघता येणार नाही, पासवर्ड लागतो. मग टाक की, आई म्हणाली. तो म्हणाला, ठाऊक नाही. अरे तूच ठेवलास ना, ती म्हणाली.

"ठेवला मीच. पण मला कळू दिला न्हाई."

आई हातात उलथनं घेऊन पळत गेली. बोका होता. बोका उलथनं बघून पळाला, आणि मग ती तेच उलथनं घेऊन मुकिंदाकडं वळली.

दिग्याला परत यावं लागलं. त्यानं कॅमेऱ्याच्या पाठीला टाचणी टोचून त्याला नवा कोरा केला. ह्या खेपेला पासवर्ड त्यानंच ठेवला आणि मुकिंदाकडनं पाठ करून घेतला. वर सांगितलं की एकाच खात्यात दोघांनी घुसायचं नाही. घरात जेवढी आहेत तेवढ्या प्रत्येकाचं वेगळं बघ्याचं खातं काढायचं. ज्याचा पासवर्ड त्याला एकट्याला, कानात सांगायचा. दुसऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

मुकिंदा म्हणाला, "बरं."

घरातली सगळी म्हणजे बरीच होती. कोंबड्या लवकर झोपतात, म्हणून त्यानं आधी त्यांचं उरकायला घेतलं. टिपरीचं खातं काढलं. तिला उचललं, बाजूला नेलं. कोंबडीचा कान पिसाखाली असतो. तो शोधला आणि पासवर्ड सांगितला. टिपरीनं त्याच्या नाकावर चोच मारली. त्याला वाटलं, कळलं असावं. पुतळीनं ऐकता ऐकता अंडं घातलं. गाठोडी काही केल्या लक्ष देईना, तिला तीन-चारदा सांगावं लागलं. असं करत करत सगळ्या कोंबड्या झाल्या, कोतवाल झाला, शेळी झाली.

मग आई राहिली. तिचं काढायला गेला तर कॅमेरा म्हणाला, जागा भरली.

"शेळीला दिलंस न् मला न्हाई?" आई म्हणाली.

"तू भाकरी थापत होतीस. शेळी मोकळी होती."

आईनं दिग्याला फोन लावला. दिग्या शिडीवर होता. दिग्या नेहमीच शिडीवर असायचा, त्यामुळं त्याचं अर्धं बोलणं वाऱ्यावर जायचं आणि उरलेलं घाईत असायचं. तो म्हणाला, कोंबड्यांना खाती कशाला, त्यांच्याकडं काय फोन आहेत? ज्यांच्याकडं फोन आहेत अशा माणसांना द्या की ती.

मुकिंदा म्हणाला, "बरं."

पहिलं आईला दिलं. कोतवालाचं दिलं, कारण आई म्हणजे मान. मग कोंबड्यांची खाती घेऊन तो वस्तीत निघाला. टिपरीचं गिरणीवाल्या शामरावांना दिलं. गाठोडीचं सरपंच इंदूताईंना. पुतळीचं, लंगडीचं, ज्याच्या दारात फोन दिसेल त्याला. शेळीचं खातं माळावर उतरलेल्या एका मेंढपाळाला मिळालं. त्यानं शेळ्या-मेंढ्यातला जाणता म्हणून ते आनंदानं घेतलं. प्रत्येकाला बाजूला घेऊन, कानात, दुसऱ्याला कळू न देता सांगितलं. सर्जेरावांचं घर सगळ्यात शेवटचं. तिथपर्यंत जाईस्तोवर कोंबड्या संपल्या.

आता दुसऱ्याच्या दारात काय चाललंय ते घरबसल्या फुकट दिसतंय म्हटल्यावर नको कोण म्हणणार? आणि प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्या एकट्यालाच दिलंय. त्यामुळं सगळी वस्ती चोरून खुराडं बघायला लागली. इंदूताई ग्रामसभेत टेबलाखाली फोन धरून बघायच्या. कोंबड्यांकडं बघितलं की त्यांचं डोकं शांत व्हायचं. शामराव दळता दळता बघायचे. एकदा ते गौराबाईला म्हणाले, "वहिनी, टिपरी आज सुस्त वाटतीया." गौराबाई घरी येऊन बघते तर टिपरी खरंच सुस्त. तिला शामराव अंतर्ज्ञानी वाटायला लागले.

ह्याचा उलगडा मेंढपाळामुळं झाला. तो मेंढरं घेऊन घाट उतरून पार लांब गेला होता. तिथनं त्यानं एक दिवस फोन केला. म्हणाला, तुमची शेळी दाव्यासकट सुटलीय, शेवग्याकडं चाललीय, जरा बघा. शेळी खरंच शेवग्याला लागली होती. गौराबाई दारातच बसली. घाटाखालच्या माणसाला माझी शेळी दिसते कशी?

मुकिंदानं दिग्याला विचारलं. दिग्या शिडीवर होता. तो म्हणाला, वस्तीतल्यांनी बघितलं तर बघू दे, तेवढेच चार डोळे जास्त. पण वस्ती सोडून जो बाहेर पडला, त्याचं खातं त्याच घटकेला उडवायचं. परत आला तर नवं काढून द्यायचं. ही सवयच लावून घे.

मुकिंदा म्हणाला, "बरं." आणि त्यानं सवय लावून घेतली. मेंढपाळाचं खातं उडवलं, आणि पुढं त्याच्या डोळ्यांदेखत जो बाहेर पडेल त्याचं उडवायचं ठरवलं; घरात बसून त्याला बाहेर पडताना दिसायची ती एक आईच.

बाजाराचा दिवस आला. गौराबाई अंड्यांची पाटी घेऊन जीपमधे बसली. जीप वस्तीच्या कमानीबाहेर पडली आणि इकडं मुकिंदानं आईचं खातं उडवलं. बाजारात अंडी मांडून झाल्यावर तिनं सहज फोन उघडला, कोतवाल दिसतोय का बघायला. फोन म्हणाला, ह्या नावाचं कुणी नाही. कोतवाल नाही म्हणजे नेला. शेजारच्या भाजीवालीवर अंडी टाकून ती मिळेल त्या गाडीनं घरी आली. कोतवाल अंगणाच्या कुडाच्या कुंपणावर बसून तुरा हलवत होता. मुकिंदा म्हणाला, "आलीस? थांब, नवं काढतो."

त्यानंतर ती विहिरीवर निघाली की खातं गेलं, आली की नवं. रानात निघाली की गेलं, आली की नवं. तिनं दारात चप्पल पायात घालायला घेतली की ह्याचं बोट फोनवर. त्यानं एवढ्या वेळा तिच्या कानात पासवर्ड सांगितला, की तिच्या त्या कानाला दडे बसले.

मग ती म्हणाली, मी जातच नाही कुठं. कोंबड्यांचं खाद्य संपलंय, ते तू तालुक्याहून आण.

मुकिंदा पोतं काखेत घेऊन उठला. वस्ती सोडायची म्हणजे आधी स्वतःचं खातं उडवायला हवं. तो उडवायला गेला. कॅमेरा म्हणाला, मालकाचं खातं काढता येत नाही. त्यानं परत केलं. कॅमेऱ्यानं परत तेच सांगितलं. मुकिंदा उंबऱ्यावर बसला. दुपारी आई बघते तर हा अजून तिथंच, पोतं काखेत, आणि समोर सगळ्या कोंबड्या उपाशी उभ्या.

"गेला न्हाईस?"

"खातं निघंना."

आईनं कपाळावर हात मारला, दुसऱ्या हातानं दिग्याला फोन लावला आणि फोन मुकिंदाच्या कानाला लावला. दिग्या शिडीवरनं वैतागून म्हणाला, "अरे बाबा, मालकाचं काढायचं नसतं. जायचंच असंल तर दुसऱ्या कुणाला मालक करून जा. पण माणूस बघून कर. ज्याची नजर कोंबड्यांवरनं हलत न्हाई असा बघ."

मुकिंदा म्हणाला, "बरं."

त्यानं माणूस शोधायला सुरुवात केली. आईला मालक करावं, तर ती मधूनच चुलीकडं बघते, मधूनच आभाळाकडं. शामराव पिठाकडं बघतात. इंदूताई चांगल्या होत्या, पण ग्रामसभेत मधूनमधून त्यांना वर बघावं लागतं. नजर अजिबात हलत नाही असा माणूस मिळेना. असं करता करता आखाडाचा शेवटचा दिवस उजाडला. कोंबड्या एव्हाना शिळ्या भाकरीवर आल्या होत्या.

आई दळण घेऊन गिरणीवर गेली. गिरणी कमानीबाहेर होती. मुकिंदानं तिचं खातं उडवलं. आणि मान वर केली तर समोर कुडापलीकडं सर्जेराव उभे.

सर्जेराव सकाळपासून उभे होते. खरं तर कालपासून. कॅमेरा बसल्यापासून त्यांच्या घरी कोंबडी शिजली नव्हती आणि उद्यापासून श्रावण लागणार होता. ते कोतवालाकडं बघत होते. कोतवाल उजवीकडं गेला की त्यांची मान उजवीकडं. डावीकडं गेला की डावीकडं. माशी नाकावर बसली तरी त्यांनी ती हाकलली नाही.

मुकिंदा त्यांच्याजवळ गेला.

"तात्या, तुमची नजर कोंबड्यांवरनं हलत न्हाई."

सर्जेराव दचकले. "कोण म्हणतं? मी आपलं आभाळ बघतोय."

"न्हाई, कोंबड्याच बघताय. मला असाच माणूस पाहिजे होता. तुम्हाला मालक करू का?"

सर्जेराव म्हणाले, विचार करून सांगतो. आणि खिशातला फोन काढून त्याच्या हातात दिला. मुकिंदानं सगळं जोडून दिलं आणि दिग्यानं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. मालक वाटेल ते करू शकतो. बघ्यानं नुसतं बघायचं, कशाला हात लावायचा नाही.

"वाटेल ते?" सर्जेराव म्हणाले.

"असं दिग्या म्हणतो."

मालक झाल्यावर सर्जेरावांनी पहिलं काम काय केलं, तर मुकिंदाला बघ्या करून टाकलं. उद्या ह्यानं मालकी परत मागितली तर भानगड नको. मुकिंदाला काहीच वाटलं नाही. मोकळ्या मनानं तो खाद्य आणायला तालुक्याला गेला.

सर्जेरावांनी आणखी कुणाकुणाची खाती आहेत ते बघितलं. टिपरी, पुतळी, गाठोडी, लंगडी. त्यांना वाटलं, येड्यानं कोंबड्यांचीच नावं लिहून ठेवलीत. ते पोट धरून हसले आणि ती तशीच राहू दिली. आता खुराडं आपल्या एकट्यालाच दिसतंय, असं त्यांनी धरलं. बायकोला, चंद्राक्काला, वाटण वाटायला सांगितलं आणि दिवे लागायची वाट बघत बसले.

मुकिंदा खाद्याचं पोतं घेऊन परत आला तेव्हा सर्जेराव त्याच्याच अंगणात येऊन उभे होते. ते म्हणाले, पोतं रिकामं करून दे. मुकिंदा म्हणाला, पोतं आणायला सांगितलं होतं, ते आणलं. पण आता मला कशाला हात लावता येत नाही, मी बघ्या. सर्जेरावांना स्वतः पोतं ओतावं लागलं. मग ते म्हणाले, निदान खुराड्याची फळी धर. मुकिंदानं हात पाठीमागं बांधले आणि मान हलवली. बघ्या करायची घाई केली, असं सर्जेरावांना तेव्हा वाटून गेलं.

ते गुडघ्यावर बसले आणि एकटेच कामाला लागले. मधे एकदा फोन काढून कॅमेऱ्यात आपण कसे दिसतो ते बघितलं आणि टोपी सरळ केली. मुकिंदा शेजारी उभा राहून बघत होता. बघ्यानं बोलायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो एवढंच म्हणाला, "तात्या, कोतवाल डाव्या अंगानं चोच मारतो. उजवीकडनं धरा."

सर्जेरावांनी उजवीकडनं धरला.

तिकडं गिरणीत मधे वीज गेली होती, म्हणून गौराबाई अजून नंबर लावून बसली होती. शामराव जात्याआड तोंड करून फोन बघत होते. दळणाला आलेला एकजण डब्यात डोकं घालून बघत होता. एक बाई पदराखाली बघत होती. आणि एकदम, अगदी एकाच वेळी, तिघांच्याही तोंडून "आगं बाबौ" निघालं. तिघांनी एकमेकांकडं चोरट्यासारखं बघितलं. गौराबाईनं शामरावांच्या खांद्यावरनं डोकावलं. तिचं खुराडं. सर्जेरावांच्या हातात पोतं, पोत्याच्या तोंडाशी कोतवालाचा तुरा. आणि बाजूला तिचा मुलगा, हात पाठीशी बांधून, लग्नात फोटोला उभा राहावं तसा उभा.

ती म्हणाली, "अहो मग बघताय काय, पळा की."

शामराव अडचणीत आले. "वहिनी, मला नुसतं बघायचंच दिलंय."

सगळ्या वस्तीला नुसतं बघायचंच दिलं होतं. सगळी वस्ती आपापल्या घरात बसून बघत होती. खातं नसलेलं माणूस एकच होतं, गौराबाई. त्यामुळं तिला हात लावायला मोकळीक होती.

ती दळण टाकून पळत सुटली. सर्जेराव पोतं खांद्यावर टाकून कुडाखालनं वाकून निघत होते, तेवढ्यात तिनं त्यांची कॉलर धरली आणि दुसऱ्या हातानं पाठीवर जे सुरू केलं, ते त्या कॅमेऱ्यात फार छान दिसलं असं म्हणतात.

"मुकिंदा, धर ह्याला."

"आई, मी बघ्या हाय."

तिनं पोतं हिसकावून घेतलं आणि त्याच्या छातीवर आदळलं. त्यानं हात पाठीमागनं काढले नाहीत. पोतं घसरायला लागलं. आतनं कोतवाल बोंबलायला लागला. तेव्हा गौराबाईचा बांध फुटला.

"अरे माझ्या कर्मा. मी करते तुला मालक. झालास मालक. आता तरी मालकासारखा वाग. मालक करतो तसं कर."

मुकिंदा म्हणाला, "बरं." आणि त्यानं पोतं धरलं.

आता सगळी वस्ती अंगणात जमली. जो तो म्हणायला लागला, मी सहज इकडनं चाललो होतो. इंदूताईसुद्धा सहज चालल्या होत्या, एका पायात चप्पल घालून. सर्जेराव म्हणाले, मी चोर नाही, मी मालक आहे, हा बघा फोन. मग कुणीतरी म्हणालं, पण मी स्वतः बघितलं की. कुठनं बघितलं? त्यानं हातातला फोन खिशात सारला. मग एकेक बाहेर यायला लागलं. "म्हणजे तुम्हीपण?" "मी टिपरी." "मी पुतळी. आणि सरपंच तुम्ही?" इंदूताई हळूच म्हणाल्या, "गाठोडी."

त्यावरनं भांडण पेटलं. प्रत्येकाला एकट्यालाच द्यायचं सांगून सगळ्यांना दिलं म्हणजे काय, हा मुद्दा आधी निघाला. मग कुणी कुणाच्या दारात काय बघितलं, हा निघाला. सर्जेरावांचा मुद्दा बराच खाली गेला. गावाकडचं भांडण रस्सा शिजायला लागतो त्याहून जास्त वेळ चालतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

शेवटी इंदूताईंनी आवाज चढवला आणि सर्जेरावांना मधे उभं केलं. सर्जेरावांनी टोपी काढली. आधीच्या कोंबड्याही आपणच नेल्या, कबूल केलं. गौराबाईच्या पायाशी वाकले. पुढच्या आखाडापर्यंत ह्या कुडाकडं मान वळवणार नाही, अशी शपथ घेतली.

गौराबाई खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, गेल्या कोंबड्यांचं मला काही नको. मी पोरीकडं जायचं म्हणत होते, पण पाय निघत नव्हता. ह्या अंगणात माझी हयात गेली. माझा कोतवाल वाचला, आता मी कुठं जात नाही. सगळी वस्ती गलबलली. शामरावांनी डोळे पुसले, तिथं पिठाचे दोन गोल उमटले.

"मुकिंदा," ती हाक मारून म्हणाली, "आण रं बाळा माझा कोतवाल."

मुकिंदा तिथं नव्हता.

त्याला मालक करतो तसं करायला सांगितलं होतं. मालकाला काम करताना त्यानं नुकतंच बघितलं होतं, अगदी जवळनं. मालक काय करतो? पोतं खांद्यावर टाकतो, कुडाखालनं वाकून जातो आणि शेवटच्या घरात नेऊन देतो. तसं त्यानं केलं होतं. चंद्राक्काचं पाणी उकळत होतं, वाटण तयार होतं. तिनं फक्त विचारलं, आमचे मालक कुठंत? मुकिंदा म्हणाला, आता मालक मी. आजवर पोत्यातनं आलेल्या कोंबडीबद्दल चंद्राक्कानं कधी काही विचारलं नव्हतं. तिनं आताही विचारलं नाही. पोतं घेतलं आणि ती कामाला लागली.

आईची हाक मात्र त्याला ऐकू आली. कुडाखालनं तो वाकून आला. दोन्ही हातात फडक्यानं धरलेलं एक पातेलं, वर झाकण. सांडू नये म्हणून अगदी हळूहळू चालत तो गर्दीतनं आईपुढं आला.

"सावकाश धर गं. गरम हाय."

त्यानं झाकण काढलं. वाफ आली. वास सगळ्या अंगणात पसरला. आखाडाचा शेवटचा दिवस, वेळ जेवणाची, आणि कुणी जेवलेलं नव्हतं. पण कुणी हात लावला नाही. सगळे नुसते बघत राहिले, गौराबाईसुद्धा.

मग मागनं सर्जेराव मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, भाकरी आमच्याकडं झाल्यात."

गौराबाई आता इचलकरंजीला असते. बरी आहे म्हणतात.

झाली गोष्ट. आता असे तोंडाकडं बघत बसू नका. एवढी खरी गोष्ट कुणी फुकट सांगत नाही. समोर भज्यांचा घाणा निघालाय, एक प्लेट सांगा. माझ्यासाठी सांगा. तुम्हाला पाहिजे असेल तर तुमची वेगळी.